नांवें ठेवणें आणि नांव लावणें

मराठींत 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' ह्या दोन प्रयोगांत दिसावयास केवळ वचनाचा भेद आहे. परंतु पहिला बारशाच्या पाळण्यापाशीं ऐकूं येतो आणि दुसरा निंदकाच्या तोंडीं. हे दोन अर्थ एकाच क्रियापदाच्या आश्रयाला कसे येऊन राहिले, ह्याचा विचार वैयाकरणांनीं करावा. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र असे कित्येक समाज दाखवितां येतील कीं, ज्यांच्या वांट्याला हे दोन्ही व्यापार एकाच हातून आले. ज्यांनीं त्यांचें नांव ठेविलें, त्यांनींच त्यांना नांवेंहि ठेविलीं. अशा समाजापुढें केव्हां ना केव्हां एक तिसरें कार्य उभें राहतें. तें म्हणजे आपलें नांव आपण निवडून तें उघडपणें लावणें.

पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष, स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया, उभयतांकडे ओढ असणारीं माणसें, आणि जन्मतः सुइणीनें सांगितलेलें लिंग ज्यांच्या अंतःकरणाला पटत नाहीं अशीं माणसें, ह्या सर्वांचा मिळून एक समाज मानला, तर त्याला म्हणावें काय, हा वाद गेलीं दीडशें वर्षें या ना त्या रूपानें चालू आहे. आज त्याचें सर्वपरिचित रूप म्हणजे रोमन अक्षरांची ती लांबत जाणारी माळ: एल., जी., बी., टी., मग क्यू., मग आय., मग ए., आणि अखेरीस अधिकाचें चिन्ह. ही माळ पाहून पुष्कळ सुशिक्षित गृहस्थांना हंसूं येतें. हक्क मिळाले म्हणजे झालें, नांवासाठीं एवढें भांडण कशाला, असें त्यांचें म्हणणें असतें. तें वरवर व्यवहाराचें दिसतें. परंतु ह्या नांवांचा इतिहास पाहिला म्हणजे असें आढळून येतें कीं, प्रत्येक नांव कोणाला तरी उद्देशून घेतलेलें होतें, आणि प्रत्येक नांवानें कोणाला तरी घरांत घेऊन कोणाला तरी दाराबाहेर ठेविलें होतें. भांडण होतें तें ह्या दारापाशीं.

ह्या इतिहासाचा आरंभ न्यायालयाच्या आवारांत होतो. कार्ल हाइन्रिख उल्रिख्स (१८२५–१८९५) हा हॅनोव्हर राज्यांतील एक कायदेपंडित. १८६४ सालीं त्यानें 'नूमा नूमांटियस' ह्या टोपणनांवानें लहान लहान पुस्तिका काढण्यास प्रारंभ केला आणि १८७९ पर्यंत अशा बारा पुस्तिका प्रसिद्ध केल्या. पुरुषाला पुरुषाविषयीं वाटणारें प्रेम दुराचारांतून उद्भवत नसून तें जन्मजात असतें, आणि जें जन्मजात आहे त्याबद्दल शिक्षा करणें हा अन्याय होय, हा त्याचा मुख्य सिद्धान्त. पण तो मांडावयाचा कोणत्या शब्दांत? युरोपीय भाषांत ह्या माणसांसाठीं जे शब्द रूढ होते, ते एक तर धर्मपीठावरून पापी म्हणून उच्चारलेले, नाहीं तर कोतवालींत गुन्हेगार म्हणून लिहिलेले. सदोम नगरीच्या शापावरून आलेल्या शब्दानें ज्याचा पुकारा होतो, त्याची बाजू ऐकण्यापूर्वींच निकाल लागलेला असतो. म्हणून उल्रिख्स प्लेटोच्या 'सिंपोझियम' ह्या संवादाकडे वळला. त्यांत प्रेमदेवतेचीं दोन रूपें वर्णिलीं असून त्यांपैकीं स्वर्गीय रूपाचें नांव यूरेनिया असें आहे. त्यावरून त्यानें आपल्या सारख्यांना 'उर्निंग' असें नांव दिलें. इतकेंच करून तो थांबला नाहीं; स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांनाहि त्यानें 'डायोनिंग' असें नांव दिलें. बहुजनसमाज स्वतःला नुसतें 'माणूस' म्हणवितो आणि विशेषणें फक्त इतरांना लावतो. उल्रिख्सनें बहुजनांनाहि विशेषण लावून दोघांना एका पंक्तीस बसविलें.

१८६७ सालच्या ऑगस्टच्या २९ तारखेला म्युनिक येथें भरलेल्या जर्मन विधिज्ञांच्या परिषदेंत तो ह्या कायद्याविरुद्ध बोलावयास उभा राहिला. सभेनें आरडाओरड करून त्याला भाषण पुरें करूं दिलें नाहीं. तथापि पुढच्याच वर्षीं त्यानें टोपणनांव टाकून स्वतःच्या नांवानें लिहिण्यास सुरुवात केली. समाजाला नांव शोधून देणाऱ्याला आपलें नांव झांकून ठेवणें परवडलें नाहीं, असा ह्या घटनेचा अर्थ लावल्यास तो वावगा होणार नाहीं.

ज्या शब्दानें 'उर्निंग'ला मागें टाकलें, तो आपल्याला पहिल्यानें भेटतो उल्रिख्सलाच लिहिलेल्या एका पत्रांत. हें पत्र १८६८ च्या मे महिन्यांतील असून तें लिहिणारा कार्ल मारिआ केर्टबेनी हा व्हिएन्नांत जन्मलेला, हंगेरीचा अभिमानी ग्रंथकार होता. 'होमोसेक्शुअल' आणि 'हेटरोसेक्शुअल' हे दोन्ही शब्द त्याचेच. पुढच्या वर्षीं प्रशियाच्या दंडविधानांतील १४३ व्या कलमाविरुद्ध त्यानें दोन निनांवी पत्रकें छापलीं व त्यांत पहिला शब्द योजिला. त्याचा युक्तिवाद उल्रिख्सहून निराळा होता. ही प्रवृत्ति जन्मजात आहे कीं नाहीं, ह्याच्याशीं राज्यसत्तेला कर्तव्य नाहीं; सज्ञान माणसांच्या खासगी वर्तनानें कोणाचें नुकसान होत नसेल, तर दंडशक्तीनें तेथें हात घालूं नये, असें त्याचें म्हणणें होतें. तें प्रशियानें ऐकलें नाहीं. १८७१ च्या जर्मन साम्राज्याच्या दंडविधानांत तेंच कलम १७५ वें होऊन बसलें आणि तें समूळ नाहींसें होण्यास १९९४ साल उजाडावें लागलें.

शब्दाचें नशीब मात्र विचित्र निघालें. स्वातंत्र्याच्या कैवारासाठीं घडविलेला हा शब्द दोन दशकांच्या आंत वैद्यांच्या हातीं गेला. क्राफ्ट-एबिंगच्या १८८६ सालच्या मनोविकृतिविषयक ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांतून तो युरोपभर पसरला. तेव्हांपासून हा मनुष्य पापी व गुन्हेगार होताच, तो आतां रोगीहि झाला. हॅव्हलॉक एलिस ह्यानें ह्या शब्दाच्या संकराबद्दल नाक मुरडलें. कारण त्याचें अर्धें अंग ग्रीक आणि अर्धें लॅटिन आहे. एडवर्ड कार्पेंटर ह्यानें 'होमोजेनिक' असा अस्सल ग्रीक शब्द सुचविला आणि १९०८ सालीं एका पुस्तकाच्या नांवांतच 'मध्यम लिंग' हें पद वापरलें. हा कार्पेंटर म्हणजे १८९० च्या सुमारास सिंहलद्वीप व हिंदुस्थान पाहून गेलेला आणि आपल्या प्रवासवर्णनाच्या शीर्षकांत मुंबईजवळच्या घारापुरीला स्थान देणारा ग्रंथकार होय. त्याचा शुद्ध शब्द कोशांत राहिला आणि केर्टबेनीचा संकरज शब्द जगभर गेला. व्याकरणाची शुद्धता शब्दाला आयुष्य देतेच असें नाहीं.

बर्लिनमध्यें मॅग्नुस हिर्शफेल्ड ह्यानें १८९७ सालीं ह्या लोकांच्या हक्कांसाठीं जगांतील पहिली समिति स्थापन केली. त्याच्या कार्याचा प्रस्तुत प्रश्नाशीं विशेष संबंध आहे. उल्रिख्सच्या मतें पुरुषावर प्रेम करणारा पुरुष म्हणजे पुरुषदेहांत वसणारा स्त्रीचा आत्मा; अर्थात् 'मी कोणावर प्रेम करतों' आणि 'मी कोण आहें' हे दोन प्रश्न त्याला एकच वाटत होते. हिर्शफेल्डनें १९१० सालीं एक मोठा ग्रंथ लिहून हे प्रश्न वेगळे केले. स्त्रीवेशाची ओढ असणारे कित्येक पुरुष स्त्रियांवरच प्रेम करतात, हें त्यानें दाखवून दिलें व त्यांना निराळें नांव दिलें. १९१९ सालीं त्यानें उघडलेली संशोधनसंस्था १९३३ च्या मे महिन्यांत नाझींनीं लुटली आणि तिच्यांतील पुस्तकें चौकांत जाळलीं. तीं जाळतांना 'प्रेमाचा प्रश्न' आणि 'लिंगाचा प्रश्न' असे दोन ढीग कोणीं केले नाहींत. शास्त्रानें ज्यांना विभक्त केलें, त्यांना द्वेषानें पुन्हां एकत्र बांधलें. ह्या सर्वांना मिळून एक नांव असावें कीं काय, ह्या वादाचें मूळ येथें आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या संस्थांचीं नांवें पाहिलीं, तर तीं बुरखा घेतलेलीं दिसतात. अ‍ॅम्स्टरडॅम येथें १९४६ सालीं निघालेल्या मंडळानें 'शेक्सपियर क्लब' असें निरुपद्रवी नांव घेतलें. लॉस एंजल्समध्यें १९५० सालीं हॅरी हे व त्याचे सोबती ह्यांनीं 'मॅटाशीन सोसायटी' स्थापन केली. हें नांव मध्ययुगीन फ्रान्समधील मुखवटे घालून नाचणाऱ्यांवरून आलें आहे. सॅन फ्रॅन्सिस्को येथील स्त्रियांनीं १९५५ सालीं 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' काढली; बिलिटिस ही एका फ्रेंच कवीनें कल्पिलेली नायिका. अंतःपुरांतल्या माणसानें खूण ओळखावी आणि रस्त्यावरच्या शिपायाला कांहीं कळूं नये, हा ह्या नांवांचा हेतु. समाजवाचक म्हणून ह्या पिढीनें 'होमोफाइल' हा शब्द उचलला, कारण त्यांत 'सेक्स' जाऊन 'प्रेम' येतें. १९६५ पासून १९६९ पर्यंत दरवर्षीं ४ जुलैला फिलाडेल्फियाच्या स्वातंत्र्यभवनासमोर हे लोक फलक घेऊन उभे राहत, तेव्हां पुरुषांनीं कोट-टाय आणि स्त्रियांनीं झगे घालावे असा दंडक होता. त्यांच्या पोषाखाची आणि त्यांच्या शब्दाची जात एकच होती. सभ्य शेजाऱ्याला बिचकवावयाचें नाहीं, एवढी त्यांची मनीषा होती. नोकरी जाण्याची आणि तुरुंगाची भीति ज्यांच्या डोक्यावर टांगलेली, त्यांच्या ह्या सावधपणाला आज घरांत सुखानें बसून भ्याडपणा म्हणणें योग्य होणार नाहीं.

२८ जून १९६९ रोजीं पहांटे न्यू यॉर्कच्या स्टोनवॉल नांवाच्या पानगृहावर पोलिसांनीं छापा घातला आणि गिऱ्हाइकांनीं उलट प्रतिकार केला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत जी संघटना उभी राहिली, तिनें व्हिएतनामच्या मुक्तिफौजेच्या धर्तीवर 'गे लिबरेशन फ्रंट' असें नांव घेतलें. 'गे' म्हणजे आनंदी. ह्या लोकांच्या आपसांतील बोलींत हा शब्द कित्येक दशकें चालत आला होता. आतां तो फलकावर चढला. 'होमोफाइल' संस्थांच्या अखिल अमेरिकी परिषदेचें अखेरचें अधिवेशन १९७० सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोला भरलें, आणि त्या शब्दाचें राज्यहि तेथेंच संपलें. प्रतिष्ठित जगानें नव्या शब्दाला मान देण्यास मात्र बराच वेळ लावला. 'न्यू यॉर्क टाइम्स'नें आपल्या स्तंभांत 'गे' हा शब्द सामान्यतः वापरण्यास मुभा दिली ती १९८७ सालीं.

मुक्तीच्या ह्या नांवाखालीं सगळे समावले असते तर आमचा लेख येथेंच संपता. पण 'गे' म्हणतांच लोकांच्या डोळ्यांपुढें पुरुष उभा राहतो, अशी स्त्रियांची तक्रार होती. दुसरीकडे स्त्रीमुक्तीच्या चळवळींतील कांहीं पुढारी स्त्रियांना लेस्बियन भगिनींची संगत अडचणीची वाटत होती; १९७० च्या मे महिन्यांत न्यू यॉर्कच्या स्त्रियांच्या परिषदेंत ह्या भगिनींनीं व्यासपीठाचा ताबा घेऊन आपलें म्हणणें ऐकविलें. दोन्ही घरीं पाहुण्यासारखें राहावें लागल्यावर आपल्या नांवाची पाटी असावी, असें वाटणें स्वाभाविक होतें. १९७३ सालीं 'नॅशनल गे टास्क फोर्स' ह्या नांवानें निघालेल्या संस्थेनें १९८५ सालीं नांवांत 'लेस्बियन' हा शब्द घातला, आणि २०१४ सालीं पांचहि अक्षरें घेतलीं. १९९३ च्या वॉशिंग्टनवरील प्रचंड मोर्चाच्या नांवांत उभयलिंगप्रेमी माणसांचें 'बाय' हें पद आलें. 'ट्रान्सजेंडर' मात्र आलें नाहीं. हा शब्द लेस्ली फाइनबर्ग ह्या लेखकाच्या १९९२ सालच्या पुस्तिकेनें चळवळींत लोकप्रिय केला होता. आणि ह्या मंडळींचें गाऱ्हाणें तर त्याहून जुनें होतें. स्टोनवॉलच्या स्मरणार्थ १९७३ सालीं भरलेल्या सभेंत सिल्व्हिया रिव्हेरा ही तुरुंगांत खितपत पडलेल्या आपल्या सोबत्यांविषयीं बोलूं लागली, तेव्हां तिची हुर्यो उडविणारे लोक परके नव्हते; तो तिचाच समाज होता.

अक्षरांची माळ लांबली ती अशी. तिच्यांतील प्रत्येक अक्षर म्हणजे बाहेर राहिलेल्या कोणीं तरी ठोठावलेलें दार होय. तथापि माळेला कंटाळून एकच शब्द घ्यावा, असें म्हणणारा पक्षहि चळवळींतच निघाला. १९९० सालीं न्यू यॉर्कमध्यें स्थापन झालेल्या 'क्वीअर नेशन'नें 'क्वीअर', म्हणजे विचित्र, विक्षिप्त, ही शिवीच नांव म्हणून उचलली; त्याच वर्षीं टेरेसा द लॉरेटिस ह्या विदुषीनें कॅलिफोर्नियांतील एका विद्यापीठांत परिषद भरवून तो शब्द पंडितांच्या परिभाषेंत नेला. जॉर्ज चॉन्सी ह्या इतिहासकारानें १९९४ च्या आपल्या ग्रंथांत दाखविल्याप्रमाणें न्यू यॉर्कचे कित्येक पुरुष पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वतःला 'क्वीअर'च म्हणवीत असत. पुढच्या पिढीला त्यांत तुच्छता दिसूं लागली, म्हणून तिनें तो टाकून 'गे' घेतला. एका पिढीनें टाकलेलें वस्त्र दुसरीनें ध्वज म्हणून उभारलें. ह्या शब्दाचे गुण उघड आहेत. त्यांत कोणाचा क्रम पहिला आणि कोणाचा शेवटचा असा प्रश्न उरत नाहीं, आणि ज्याला स्वतःचें वर्गीकरण करावयाचें नाहीं, त्यालाहि तेथें जागा आहे. उलट, ज्या वृद्धांनीं तरुणपणीं ह्याच शब्दाबरोबर दगड खाल्ले, त्यांना तो कानांना सोसत नाहीं. शिवाय चारचौघांसारखा संसार करूं इच्छिणारा मनुष्य 'आम्हीं विचित्र कां म्हणवून घ्यावें?' असें विचारतो, आणि त्याचा प्रश्न अगदींच निरर्थक नाहीं.

समावेशक नांवाला इंग्रजींत छत्रीची उपमा देतात. छत्रीची परीक्षा पावसांत होते, आणि असा पाऊस २००७ सालीं पडला. नोकरींतील भेदभावाला बंदी करणारें एक विधेयक अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापुढें होतें. लैंगिक कल आणि लिंगभाव ह्या दोहोंना त्यांत संरक्षण होतें. परंतु मतें पुरेशीं मिळत नाहींत असें पाहून पुरस्कर्त्यांनीं लिंगभावाचें कलम गाळलें. आधीं मिळेल तें घ्यावें, उरलेल्यांचें मागाहून पाहूं, असा हा हिशेब. शेंकडों संस्थांनीं एकत्र येऊन त्याला विरोध केला. तरीहि १८४ विरुद्ध २३५ मतांनीं तें विधेयक त्या गृहांत संमत झालें, आणि पुढें त्याचा कायदा कधींच झाला नाहीं. सोबत्याला पावसांत सोडून ज्यांनीं छत्री पुढें नेली, तेहि कोरडे राहिले नाहींत.

ह्या सर्वांना जोडणारा धागा कोणता, ह्याचें उत्तर पुढें न्यायालयांत मिळालें. १५ जून २०२० रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें बोस्टॉक खटल्याचा निकाल दिला. त्यांत समलिंगी पुरुषांच्या दोन फिर्यादी आणि एका ट्रान्सजेंडर स्त्रीची फिर्याद एकत्र निकालांत काढलेल्या आहेत. पुरुषावर प्रेम केल्याबद्दल ज्या नोकराला काढलें, तो स्त्री असता तर त्याला कोणीं काढलें नसतें; स्त्रीवेशानें आल्याबद्दल जिला काढलें, ती जन्मतः स्त्री गणली गेली असती तर तिला कोणीं काढलें नसतें. दोहोंकडे कारण एकच, तें म्हणजे लिंग. आणि लिंगावरून भेद करण्यास तर १९६४ च्याच कायद्यानें मनाई केलेली आहे. 'पुरुषानें असें वागावें, स्त्रीनें तसें' हा जो अलिखित दंडक आहे, तो मोडल्याची शिक्षा हीं सर्व माणसें भोगतात. एकत्र नांवाला जर कांहीं तात्त्विक आधार असेल तर तो हा आहे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें. आणि अक्षरांना हंसणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. २०१६ सालीं स्टोनवॉलला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्यें त्या स्मारकाच्या सरकारी संकेतस्थळावरील मजकुरांतून 'टी' हें अक्षर काढून टाकण्यांत आलें. विरोधकांना एका अक्षराची किंमत कळते. ती मित्रांना कळूं नये हें नवल होय.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हिंदुस्थानांत अशा अनेक प्रकारच्या माणसांना मिळून कायद्यानें दिलेलें पहिलें समावेशक नांव कोणत्याहि चळवळीनें शोधलेलें नव्हतें. तें सरकारी होतें. १८६० च्या दंडविधानाच्या ३७७ व्या कलमानें निसर्गक्रमाविरुद्ध कृत्याचा गुन्हा ठरविला. पण १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या दुसऱ्या भागानें माणसांनाच नांव दिलें. इंग्रजींतील 'यूनक', म्हणजे षंढ, ह्या एका शब्दाखालीं नाना रीतींनीं राहणाऱ्या लोकांना कोंबून पोलिसांनीं त्यांच्या याद्या कराव्या, आणि यादींतला मनुष्य स्त्रीवेशानें रस्त्यावर दिसला किंवा नाचला तर त्याला वॉरंटाशिवाय धरावें, अशी ती व्यवस्था होती. समावेशक नांव आपोआप उदार असतें असें ज्यांना वाटतें, त्यांनीं ही यादी आठवावी.

आपल्या मंडळींनीं स्वतः घेतलेलीं नांवें ह्या यादीशेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. कॅलिफोर्नियांतील भारतीयांनीं १९८६ सालीं 'त्रिकोण' काढलें. नाझी छळछावण्यांतील गुलाबी त्रिकोणाची ती खूण. मुंबईत १९९० सालीं अशोक राव कवि ह्यांनीं 'बॉम्बे दोस्त' हें नियतकालिक सुरू केलें आणि १९९४ सालीं 'हमसफर ट्रस्ट' निघाला. पुण्यांत २००२ सालीं बिंदुमाधव खिरे ह्यांनीं 'समपथिक' स्थापन केली. दोस्त, हमसफर, समपथिक: ह्या शब्दांत देहाचा उल्लेख नाहीं, रोगाचा नाहीं, गुन्ह्याचाहि नाहीं, वाटेवरची सोबत तेवढी आहे. तथापि सोबतीचें नांव गोड असलें तरी तें झांकणारेंहि असतें. मुंबईतील स्त्रियांनीं १९९५ सालीं 'स्त्री संगम' ह्या नांवानें संघटना काढली होती. कांहीं वर्षांनीं त्यांनीं तें बदलून 'लेस्बियन' आणि 'बायसेक्शुअल' हे शब्द ज्यांत स्पष्ट येतात असें नांव घेतलें. मधल्या काळांत, १९९८ च्या डिसेंबरांत, 'फायर' चित्रपटावरून चित्रपटगृहांवर हल्ले झाले होते, आणि दिल्लींत ह्या स्त्रिया 'भारतीय आणि लेस्बियन' अशा अर्थाचे फलक घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या होत्या. अशीं माणसें आपल्या देशांत नाहींतच, असें म्हणणाऱ्याला सूचक नांवानें उत्तर देतां येत नाहीं.

मराठीपुरतें पाहिलें तर आपल्यापुढें दोन शब्द मुख्यतः आहेत. 'समलिंगी' हा केर्टबेनीच्या शब्दाचा संस्कृत अवतार. एलिसला खटकलेला संकर त्यांत नाहीं. पण 'लिंग' हा शब्द व्याकरणांत एक, देवळांत दुसरा आणि वैद्यकांत तिसरा अर्थ सांगत असल्यामुळें तो उच्चारतांच ऐकणाऱ्याचें मन देहापाशीं अडतें, प्रेमापर्यंत पोंचत नाहीं. दुसरा शब्द 'तृतीयपंथी'. कामसूत्रांतील 'तृतीया प्रकृति'ची आठवण देणारा हा शब्द कानांना भारदस्त आहे, आणि वारकरी, महानुभाव, नाथ अशा पंथांच्या ह्या भूमींत 'पंथ' ह्या पदाला मानहि आहे. परंतु 'तिसरा' म्हटल्याबरोबर पहिला व दुसरा कोण, हें आधींच ठरून जातें. आणि जी व्यक्ति स्वतःला निःसंशय स्त्री समजते, तिला तिसऱ्या रांगेंत कां बसवावें, ह्याचें समाधानकारक उत्तर त्या शब्दापाशीं नाहीं. 'लैंगिक अल्पसंख्य' हें पद कायद्याच्या लिखाणांत सोईचें आहे, पण त्यांतहि एक खोंच आहे. ११ डिसेंबर २०१३ रोजीं ३७७ वें कलम पुन्हां जिवंत करतांना सर्वोच्च न्यायालयानें ह्या लोकांची संख्या अत्यल्प असल्याचा मुद्दा त्यांच्या विरुद्ध वापरला होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं नवतेज जोहर खटल्यांत तो निकाल रद्द झाला आणि सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध गुन्ह्यांतून मुक्त झाले, हें खरें. तरी आपल्या अल्पत्वावर नांव उभारणें किती धोक्याचें, हें त्या मधल्या पांच वर्षांनीं शिकविलें.

मग 'क्वीअर' मराठींत घ्यावा काय? मुंबईत २००८ सालीं निघालेल्या 'क्वीअर आझादी' मोर्चानें तो घेतला आहे. मात्र शिवी उलटवून तिचें नांव करण्यांत जें सामर्थ्य असतें, तें त्या शिवीच्या आठवणींत असतें. लालबागच्या किंवा सांगलीच्या गल्लींत कोणत्याहि मुलाला 'क्वीअर' म्हणून कोणीं चिडविलेलें नाहीं. तेथें त्याला 'बायल्या' म्हणतात, आणि त्याहून वाईट म्हणतात. त्यामुळें मराठींत हा शब्द निरुपद्रवी पाहुणा आहे. ज्याला तो आवडेल त्यानें घ्यावा, पण त्यानें कोणताहि घाव भरून निघणार नाहीं. ज्यानें खरोखर घाव घातला तो शब्द उलटविण्याचें धैर्य लक्ष्मीनारायण त्रिपाठी ह्यांनीं दाखविलें. 'मी हिजडा, मी लक्ष्मी' असें त्यांच्या २०१२ सालच्या मराठी आत्मकथनाचें नांव आहे. तें नांव त्यांनीं स्वतः लावलें म्हणून तें तेजस्वी आहे. दुसऱ्या कोणीं तेंच त्यांना रस्त्यांत म्हटलें, तर ती शिवीच राहील.

हा भेद महाराष्ट्राला नवा असूं नये. १९३० नंतरच्या काळांत अस्पृश्यांना 'हरिजन' म्हणावें असें गांधीजींनीं ठरविलें. शब्द सुंदर, हेतु निर्मळ. पण ज्यांच्यासाठीं तो होता, त्यांच्यापैकीं पुष्कळांना तो उपकारासारखा वाटला. मुंबईच्या विधिमंडळांत १९३८ च्या जानेवारींत हा शब्द कायद्यांत घालण्याचा प्रसंग आला, तेव्हां डॉक्टर आंबेडकर व त्यांचे सहकारी विरोध नोंदवून सभागृह सोडून गेले. दुसऱ्यानें दिलेलें गौरवाचें नांवहि ते स्वीकारीत ना. पुढें १९७२ सालीं मुंबईतच तरुणांनीं 'दलित पँथर' स्थापन केली, आणि 'दलित', म्हणजे दडपलेला, हा दुःखाचा शब्द अभिमानाचा करून दाखविला. ह्याच आंबेडकरांनीं १९३४ सालीं र. धों. कर्वे ह्यांचें वकीलपत्र घेतलें होतें, हेंहि येथें स्मरावें. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकांत वाचकांच्या प्रश्नांना जीं उत्तरें छापलीं, त्यांत समलिंगी प्रवृत्तीविषयींचींहि होतीं, आणि त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. तो खटला ते हरले. परंतु ज्याचें नांवहि काढूं नये असा विषय मराठींत काढतां येतो, एवढें त्या मासिकानें सिद्ध केलें.

एकच आदर्श नांव सांपडेल आणि वाद मिटेल, अशी आशा ह्या इतिहासांतून निघत नाहीं. न्यायाधीशापुढें जाण्यास एक नांव लागतें, मोर्चाला दुसरें, आणि दोन सोबत्यांनीं एकमेकांना हांक मारण्यास तिसरें. कोर्टाच्या कामासाठीं तर दुसराहि एक मार्ग निघाला आहे. २००६ च्या नोव्हेंबरांत जोगजकार्ता येथें जमलेल्या विधिज्ञांनीं तयार केलेल्या तत्त्वांत लैंगिक कल व लिंगभाव ह्या गुणांचें नांव घेतलेलें आहे. हे गुण प्रत्येक माणसाच्या ठायीं असतात. उल्रिख्सनें 'डायोनिंग' म्हणून ज्यांना गणलें, त्यांच्याहि ठायीं असतात. एकीच्या कामासाठीं लांब अक्षरमाळ बेडौल असली तरी ती असूं द्यावी, असें मला वाटतें. ती एखाद्या मंडळाच्या सभासदांची यादी आहे. यादी सुबक दिसावी म्हणून कोणी सभासदांचीं नांवें खोडीत नाहीं. आणि समोरच्या एका व्यक्तीशीं बोलतांना तर प्रश्नच सोपा होतो. तिला काय म्हणावें, हें तिलाच विचारावें आणि ती सांगेल तें म्हणावें.

राहिले आपण, म्हणजे ज्यांना स्वतःसाठीं असें नांव कधीं शोधावें लागलें नाहीं ते. ह्या वादांत मत देण्याचा अधिकार आपला नाहीं. आपण इतकी वर्षें नांवें ठेविलीं. आतां ते जें नांव लावतील, तें नीट उच्चारण्याचें काम तेवढें आपल्याकडे आहे.